अग्निबाण फसला, म्हणजे नेमके काय फसले?

७ ऑगस्ट २०२२, रविवार. सकाळी ९ वाजून १८ मिनिटांनी श्रीहरिकोटा येथून 'एसएसएलव्ही-डी१' या नव्या छोट्या प्रक्षेपकाने पहिले उड्डाण केले. उंची ३४ मीटर, वजन सुमारे १२० टन. त्याच्या टोकाशी दोन उपग्रह होते. एक इस्रोचा स्वतःचा आणि दुसरा 'आझादीसॅट' नावाचा अवघा ८ किलोग्रॅमचा. या दुसऱ्या उपग्रहातील लहान लहान उपकरणे देशभरातील ७५ सरकारी शाळांमधील ७५० मुलींनी जुळवलेली होती. घन इंधनाचे तिन्ही टप्पे ठरल्याप्रमाणे जळले. त्यानंतर मात्र नियंत्रण कक्षात शांतता पसरली. उपग्रह ३५६ किलोमीटर उंचीच्या वर्तुळाकार कक्षेत जायचे होते. ते पोचले ३५६ × ७६ किलोमीटरच्या लंबवर्तुळाकार कक्षेत. ७६ किलोमीटर उंचीवर हवा विरळ असली तरी उपग्रहाला ओढून खाली आणण्याइतकी दाट असते. दोन्ही उपग्रह निकामी झाले.

यानंतर काही आठवड्यांनी एका तालुक्याच्या गावी, विद्यालयात व्याख्यान देण्यासाठी आम्ही गेलो होतो. प्रश्नोत्तरांच्या वेळी नववीतील एक मुलगी उभी राहिली. तिने विचारले, "आधी सगळे नीट तपासून मगच का नाही सोडत? एवढे पैसे समुद्रातच गेले ना?" तिच्या बाईंनी तिला "असं विचारू नये" म्हणून खाली बसवले. आम्ही हसून, "अपयश ही यशाची पहिली पायरी असते," असे सांगून वेळ मारून नेली. परतताना एसटीत बसल्यावर लक्षात आले, की आम्ही तिच्या प्रश्नाला उत्तर दिलेच नव्हते. दिला होता तो फळ्यावर लिहायचा सुविचार!

तिचा प्रश्न अगदी योग्य होता. नव्या अग्निबाणांच्या चाचण्या सार्वजनिक पैशातून होतात, किंवा निदान सार्वजनिक आकाशातून आणि समुद्रावरून होतात. तेव्हा त्यांच्याविषयी शंका घेण्याचा अधिकार सर्वांनाच आहे. अडचण एवढीच, की 'फसला' या एका शब्दात आपण तीनचार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. त्या सोडवून घेतल्या तर शंका अधिक धारदार होते आणि तिला उत्तर देणेही शक्य होते. तेच आपण येथे करून पाहू.

जमिनीवरच का तपासत नाहीत?

तपासतात, आणि पुष्कळ तपासतात. तमिळनाडूत महेंद्रगिरी येथे द्रव इंधनाची इंजिने चाचणी-मंचावर बांधून पूर्ण वेळ चालवली जातात. निरनिराळे भाग थरथरत्या मंचावर ठेवून हलवतात, निर्वात कक्षात तापवतात, थंड करतात. तरीही अग्निबाणाच्या उड्डाणात अशा काही घटना असतात की ज्या जमिनीवर एकाच वेळी घडवून आणता येत नाहीत.

याची कारणे पाहू. जमिनीवर इंजिन घट्ट बांधलेले असते, उड्डाणात संपूर्ण प्रक्षेपक मोकळा असतो. इंधन जळत जाते तसे त्याचे वस्तुमान झपाट्याने कमी होते, गुरुत्वमध्य सरकतो आणि त्याची डोलण्याची वारंवारताही बदलते. त्याच वेळी वेग वाढत असतो आणि हवेचा दाब आधी वाढून मग कमी होत असतो. एक टप्पा संपून वेगळा होतो व दुसरा पेटतो त्या क्षणी तर भार, कंपने आणि दिशा या तिन्हींत एकदम बदल होतो. प्रत्येक वादकाने घरी उत्तम रियाज केला, तरी सगळे एकत्र बसल्यावर ठेका जुळतो की नाही हे मैफलीतच कळते. अग्निबाणाची रंगीत तालीम घ्यायला जागा एकच, ती म्हणजे आकाश.

भारतीय प्रक्षेपकांचा इतिहास याची साक्ष देतो. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण फसले. २४ मार्च १९८७ रोजी एएसएलव्हीचे पहिले उड्डाण फसले, कारण बाजूचे दोन अग्निबाण जळून संपल्यावर मधला पेटलाच नाही. २० सप्टेंबर १९९३ रोजी पीएसएलव्हीचे पहिले उड्डाण फसले. दुसरा टप्पा वेगळा होताना प्रक्षेपकाचा तोल बिघडला आणि तो सावरण्याच्या संगणक-आज्ञावलीत चूक निघाली. आणि २०२२ मध्ये एसएसएलव्ही. चार वेगवेगळ्या प्रक्षेपकांची पहिली उड्डाणे फसली. चारही वेळा पुढची गाडी अडली ती टप्प्यांच्या सांध्यावर किंवा नियंत्रणात.

एसएसएलव्हीची गोष्ट तर विशेष बोधप्रद आहे. दुसरा टप्पा वेगळा होताना अगदी थोडा वेळ जोराची कंपने निर्माण झाली. त्यामुळे वेगातील बदल मोजणारी उपकरणे, म्हणजे प्रवेगमापक, आपल्या मापनमर्यादेच्या बाहेर गेली. प्रक्षेपकावरील संगणकाला शिकवलेले होते, की एखादे उपकरण अशक्य वाटणारे आकडे देऊ लागले तर ते बिघडले असे समजावे. त्याने सर्वच प्रवेगमापकांवर अविश्वास दाखवला आणि आधीपासून साठवून ठेवलेल्या पर्यायी मार्गाने प्रक्षेपक पुढे नेला. उपकरणे मात्र धडधाकट होती! संगणकाची शंका प्रामाणिक होती, पण ती चुकीच्या ठिकाणी घेतलेली होती.

वेगात किती फरक पडला असेल? अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित करता येईल. पृथ्वीची त्रिज्या ६३७८ किलोमीटर धरा. ३५६ किलोमीटर उंचीच्या वर्तुळाकार कक्षेसाठी सेकंदाला ७.६९ किलोमीटर वेग लागतो. ३५६ × ७६ च्या कक्षेत सर्वांत उंच टोकाशी तो ७.६१ किलोमीटर निघतो. म्हणजे तेवढ्या उंचीवर फरक सुमारे एक टक्क्याचा. शाळेच्या परीक्षेत ९९ गुण मिळवणारा पहिला येतो, येथे ९९ टक्के वेग मिळवणारा उपग्रह पडतो.

पहिला प्रश्न : आधी काय ठरले होते?

एखादी चाचणी यशस्वी झाली की फसली, हे तिच्यानंतर ठरवता येत नाही. तिचा हेतू काय होता हे आधी जाहीर झालेले असेल तरच नंतरच्या दाव्याला काही अर्थ उरतो.

६ डिसेंबर १९५७ चे उदाहरण घेऊ. सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक आकाशात फिरत होता आणि अमेरिका अस्वस्थ होती. 'व्हॅनगार्ड टीव्ही-३' या प्रक्षेपकाच्या नावातच तो चाचणीचा असल्याचे नमूद होते. तिन्ही टप्पे एकत्र आणि पेटते ठेवून उडवण्याची ही पहिलीच वेळ होती. पण सरकारने या उड्डाणाची घोषणा अशी केली, की जगाला वाटले अमेरिकेचा पहिला उपग्रहच चालला आहे. दूरचित्रवाणीचे कॅमेरे जमले. अग्निबाण साधारण सव्वा मीटर वर उठला, खाली बसला आणि आगीच्या लोळात नाहीसा झाला. चिमुकला उपग्रह बाजूला फेकला गेला आणि तेथेच पडून संदेश देत राहिला. वृत्तपत्रांनी त्याला 'फ्लॉपनिक', 'कपुतनिक' अशी नावे ठेवली. अभियंत्यांच्या दृष्टीने ती एक फसलेली चाचणी होती. राष्ट्राच्या दृष्टीने ती नामुष्की ठरली, कारण चाचणीचा सोहळा करण्यात आला होता. पुढे १७ मार्च १९५८ रोजी याच मालिकेतील 'व्हॅनगार्ड-१' कक्षेत गेला. त्याचा आवाज १९६४ साली थांबला, पण मानवाने सोडलेल्या व अजूनही पृथ्वीभोवती फिरत असलेल्या वस्तूंमध्ये तो सर्वांत जुना आहे.

आता अलीकडचे उदाहरण. २० एप्रिल २०२३ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या किनाऱ्यावरून स्पेसएक्स कंपनीच्या 'स्टारशिप' या सुमारे १२० मीटर उंचीच्या महाकाय अग्निबाणाचे पहिले पूर्ण उड्डाण झाले. खालच्या टप्प्यातील ३३ इंजिनांपैकी तीन उड्डाणाच्या वेळीच बंद होती, वाटेत आणखी काही बंद पडली. सुमारे ३९ किलोमीटर उंची गाठून अग्निबाण गटांगळ्या खाऊ लागला आणि उड्डाणानंतर साधारण चार मिनिटांनी त्याचे तुकडे झाले. कंपनीचे कर्मचारी टाळ्या वाजवत होते. जगभरच्या अनेक प्रेक्षकांना ते विचित्र वाटले. एवढी मोठी वस्तू फुटली आणि टाळ्या कसल्या?

येथे आपला पहिला प्रश्न उपयोगी पडतो. कंपनीच्या प्रमुखाने उड्डाणाआधीच म्हटले होते, की अग्निबाण तळापासून पुरेसा दूर गेला आणि तळ उद्ध्वस्त झाला नाही, तर आपण ते यश मानू. या कसोटीचा पहिला भाग पूर्ण झाला, तेव्हा टाळ्या अगदीच अनाठायी नव्हत्या. पण दुसऱ्या भागाचे काय? इंजिनांच्या झोताने तळाखालचे काँक्रीट उखडून तेथे मोठा खड्डा पडला. म्हणजे कंपनीच्या स्वतःच्याच कसोटीने पाहिले तरी ही चाचणी अर्धी उत्तीर्ण आणि अर्धी अनुत्तीर्ण होती. 'संपूर्ण यश' आणि 'संपूर्ण फजिती' अशा दोन्ही मथळ्यांपेक्षा हा निकाल अधिक खरा आहे.

दुसरा प्रश्न : धोका कोणाला?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि नेमका येथेच घोटाळा होतो. अग्निबाण फसण्याची शक्यता आणि माणसांना इजा होण्याची शक्यता ही दोन वेगळी गणिते आहेत.

समजा, एक नवा अग्निबाण फसण्याची शक्यता निम्मी, म्हणजे ०.५ आहे. तो फुटला तर तुकड्यांमुळे माणसाला इजा होऊ शकेल असे क्षेत्र सगळे मिळून १०,००० चौरस मीटर, म्हणजे ०.०१ चौरस किलोमीटर आहे असे धरू. तो समुद्रावरून जात आहे आणि जहाजांना आधीच सूचना दिल्यामुळे तेथे दर १०० चौरस किलोमीटरला सरासरी एकच माणूस आहे. तर

०.५ × ०.०१ × ०.०१ = ०.००००५

याचा अर्थ, अशी २०,००० उड्डाणे केली तर सरासरीने एका माणसाला इजा होईल. आता तोच अग्निबाण महाराष्ट्रावरून सोडला असे समजा. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या राज्यात दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसे राहतात.

०.५ × ०.०१ × ३६५ = १.८

म्हणजे प्रत्येक उड्डाणामागे सरासरी जवळजवळ दोन माणसे! अग्निबाण तोच, फसण्याची शक्यता तीच, धोका मात्र छत्तीस हजार पटींहून अधिक. वरचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण पद्धत हीच आहे. अमेरिकेत परवाना देताना सर्वसामान्य लोकांसाठी हा आकडा प्रत्येक उड्डाणामागे ०.०००१ पेक्षा जास्त असून चालत नाही.

श्रीहरिकोटा पूर्व किनाऱ्यावर का, याचेही उत्तर यात आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पूर्वेकडे सोडलेल्या अग्निबाणाला तेथे सेकंदाला सुमारे ४५० मीटर वेग आयताच मिळतो. हे कारण पाठ्यपुस्तकात असते. दुसरे कारण तितकेच मोलाचे आहे, ते म्हणजे पूर्वेला बंगालचा उपसागर आहे. एसएलव्ही-३ फसला तेव्हा तो सुमारे ५६० किलोमीटरवर समुद्रात पडला आणि कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. "पैसे समुद्रात गेले" असे आपण चिडून म्हणतो. ते समुद्रात गेले, वस्तीवर गेले नाहीत, हे आधी विचारपूर्वक ठरवलेले असते. दक्षिणेकडे जाणारा पीएसएलव्ही श्रीलंका टाळण्यासाठी वाटेत वळण घेतो आणि त्यापायी आपली काही वजन वाहण्याची क्षमता गमावतो. सुरक्षिततेची किंमत अशी मोजावी लागते.

याच्या जोडीला अनेक प्रक्षेपकांवर आत्मनाशाची यंत्रणा असते. या क्षणी इंजिने बंद पडली तर प्रक्षेपक कोठे पडेल, हे गणित सतत चालू असते. तो बिंदू आखलेल्या सीमेबाहेर जाऊ लागला, की प्रक्षेपक फोडून टाकतात. इंधनाने भरलेला अखंड अग्निबाण वस्तीवर कोसळण्यापेक्षा त्याचे तुकडे समुद्रात पडलेले बरे. तेव्हा चित्रवाणीवर दिसणारा स्फोट पुष्कळदा बेशिस्तीचा नव्हे, शिस्तीचा भाग असतो.

परंतु ही शिस्त नसेल तर काय होते? १५ फेब्रुवारी १९९६ रोजी चीनमधील शीचांग येथून 'लाँग मार्च ३बी' या प्रक्षेपकाचे पहिलेच उड्डाण झाले. उठताच तो कलला आणि सुमारे २२ सेकंदांत जवळच्या डोंगरावर आदळला. पायथ्याशी वस्ती होती. अधिकृत आकड्यांनुसार ६ जण मृत्युमुखी पडले आणि ५७ जखमी झाले. तळ समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, डोंगरांच्या कुशीत. पहिल्याच उड्डाणावर व्यापारी दळणवळण उपग्रह. आणि जवळपास माणसे. एसएलव्ही-३ आणि हा प्रक्षेपक, दोन्ही 'पहिल्या उड्डाणात फसलेले'. पण या दोन घटनांना एकच शब्द वापरणे अन्यायाचे होईल.

स्टारशिपच्या बाबतीतही शंकेखोरांचे काही आक्षेप खरे ठरले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. एवढ्या मोठ्या अग्निबाणाच्या तळाखाली झोत वळवणारी चर किंवा पाण्याचा मारा नव्हता. ही चूक ठरू शकते, असे कंपनीच्या प्रमुखाने स्वतःच २०२० मध्ये लिहिले होते. ती ठरली. काँक्रीटचे तुकडे व मोडतोड सुमारे ३८५ एकरांवर विखुरली, काँक्रीटच्या भुकटीचा ढग दहा किलोमीटरपर्यंत पोचला, आणि लगतच्या राखीव उद्यानातील साडेतीन एकरांवर आग लागली. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, आत्मनाशाची आज्ञा मिळाल्यावर अग्निबाण लगेच फुटला नाही, सुमारे ४० सेकंद गेली. अग्निबाणाचे इंजिन बंद पडणे ही चाचणीतील अपेक्षित गोष्ट आहे. आत्मनाशाची यंत्रणा उशिरा चालणे ही नाही. कारण उरलेले सारे गणित तिच्यावर विसंबून असते. पुढे १६ जानेवारी २०२५ आणि ६ मार्च २०२५ या दोन्ही उड्डाणांत स्टारशिपचा वरचा टप्पा फुटून तुकडे कॅरिबियन समुद्राच्या परिसरात पडले. प्रवासी विमानांना मार्ग बदलावे लागले किंवा थांबून राहावे लागले. त्या विमानांतील उतारूंनी कोणत्याही चाचणीत भाग घेण्याचे मान्य केलेले नव्हते. धोका पत्करणारा आणि धोका सोसणारा एकच आहे का, हे म्हणूनच विचारले पाहिजे.

तिसरा प्रश्न : पुढच्या वेळी काय बदलले?

"अपयशातून शिकलो" असे कोणीही म्हणू शकतो. शिकल्याचा पुरावा पुढच्या यंत्रात दिसला पाहिजे.

स्टारशिपच्या पहिल्या उड्डाणानंतर अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने ६३ दुरुस्त्यांची यादी मान्य करून घेतली. १८ नोव्हेंबर २०२३ च्या दुसऱ्या उड्डाणापूर्वी तळाखाली पाण्याचा मारा करणारी पोलादी बैठक बसवली गेली आणि आत्मनाशाची यंत्रणा अधिक बळकट केली गेली. तळ टिकला. सर्व ३३ इंजिने चालली. अग्निबाण मात्र वेगळ्या कारणाने फुटला. चूक नवी असेल तर ती ज्ञानात भर घालते. जुनीच चूक पुन्हा घडली तर ती निष्काळजीपणाकडे बोट दाखवते. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको, वह्या तपासताना आपण हाच नियम लावतो.

एसएसएलव्हीचे काय झाले? टप्पा वेगळा करण्याची यंत्रणा बदलण्यात आली, म्हणजे कंपने कमी झाली. प्रवेगमापकांवर अविश्वास दाखवण्यापूर्वी संगणकाने अधिक वेळ वाट पाहावी, असा बदल आज्ञावलीत केला गेला. १० फेब्रुवारी २०२३ रोजी दुसरे उड्डाण यशस्वी झाले आणि १६ ऑगस्ट २०२४ रोजी तिसरेही. आता पैशाविषयी. या प्रकल्पासाठी सरकारने १६९ कोटी रुपये मंजूर केले होते आणि त्यात तीन विकास-उड्डाणे मुळातच धरलेली होती. पहिलेच उड्डाण यशस्वी होईल अशी खात्री असती, तर तीन कशाला मागितली असती? फसण्याची शक्यता अंदाजपत्रकातच मान्य केलेली होती. याच विचाराने १९९३ च्या पीएसएलव्हीवर ठेवलेला उपग्रह आधीच्या एका उपग्रहाच्या तपासणी-प्रतिकृतीपासून तयार केलेला होता. पहिल्या उड्डाणावर नवा कोरा महागडा उपग्रह ठेवायचा नाही, हे साधे शहाणपण.

अर्थात ही सवलत चाचणीपुरतीच. १८ मे २०२५ रोजी तिसऱ्या टप्प्यातील बिघाडामुळे पीएसएलव्ही-सी६१ फसला आणि ईओएस-०९ हा उपग्रह गेला. तीन दशके वापरात असलेल्या प्रक्षेपकाबद्दल "प्रयोग होता" असे म्हणता येणार नाही. तेथे जनतेने अधिक कडक प्रश्न विचारणेच योग्य.

चौथा प्रश्न : कोणी सांगितले?

१९७९ च्या एसएलव्ही-३ ची हकीकत डॉ. अब्दुल कलाम पुढे अनेक भाषणांतून सांगत असत. उड्डाणाच्या काही मिनिटे आधी संगणकाने मोजणी थांबवली होती. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण-यंत्रणेतून गळती होत होती. तज्ज्ञांनी साठा पुरेसा असल्याचे मत दिले आणि कलामांनी संगणकाला बाजूला ठेवून उड्डाणाचा निर्णय घेतला. दुसरा टप्पा पेटला तेव्हा त्याला दिशा देणारे नायट्रिक आम्ल शिल्लक नव्हते. २०२२ मध्ये संगणकाची शंका चुकली, १९७९ मध्ये ती बरोबर होती आणि माणसांनी ती डावलली. शंकेला नुसते 'चांगली' किंवा 'वाईट' म्हणून भागत नाही, ती प्रत्येक वेळी तपासूनच पाहावी लागते.

त्या दिवशी पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन स्वतः गेले आणि त्यांनी जबाबदारी घेतली. १८ जुलै १९८० रोजी दुसरे उड्डाण यशस्वी होऊन रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा मात्र त्यांनी कलामांना पत्रकारांशी बोलायला पाठवले. ही गोष्ट आपण नेतृत्वाचा धडा म्हणून सांगतो, ते ठीकच आहे. पण तिच्यात आणखी एक धडा आहे. फसल्याची बातमी संस्थेने स्वतः, त्याच दिवशी आणि उघडपणे सांगितली. एसएसएलव्हीच्या बाबतीतही कक्षा चुकल्याचे इस्रोने त्याच दिवशी जाहीर केले आणि पुढे कारणमीमांसा प्रसिद्ध केली. जेथे चौकशीचा अहवाल लोकांसमोर येतो तेथे शंका हळूहळू निवळते. जेथे येत नाही तेथे ती वाढते, आणि तिला दोष देता येत नाही.

वर्गात काय करता येईल?

फुग्याचा अग्निबाण सर्वांना ठाऊक आहे. वर्गाच्या दोन भिंतींमध्ये दोरा ताणायचा, त्यात पेय पिण्याची नळी ओवायची आणि फुगवलेला फुगा चिकटपट्टीने नळीला लावून सोडायचा. हाच प्रयोग थोडा वेगळ्या रीतीने करून पाहा. फुगा सोडण्याआधी प्रत्येक गटाने कागदावर चार ओळी लिहायच्या : आम्ही काय तपासत आहोत, किती अंतर गेला तर यश मानू, दोरा तुटला किंवा फुगा निसटला तर कोणाला लागू शकेल आणि त्यांना कोठे उभे करू, फसला तर काय मोजू. मग फुगा सोडायचा. दुसऱ्या खेपेला नेमकी एकच गोष्ट बदलायची आणि का बदलली ते लिहायचे. शेवटी एका गटाचा कागद दुसऱ्या गटाने तपासायचा. ज्यांचा फुगा सर्वांत दूर गेला त्यांच्यापेक्षा ज्यांच्या कागदावरून फसण्याचे कारण कळते त्यांना अधिक गुण द्या. मुले सुरुवातीला कुरकुर करतील. आम्हीही प्रयोगशाळेत नवे होतो तेव्हा फसलेल्या प्रयोगांची पाने वहीतून फाडत असू. पुढे वर्षभराने तोच प्रयोग तशाच रीतीने पुन्हा फसला, आणि फाडलेल्या पानांत काय होते ते आठवेना!

त्या नववीतल्या मुलीला आज उत्तर द्यायचे झाले तर आम्ही असे सांगू. बाळ, जमिनीवर तपासता येण्यासारखे होते ते तपासले होते, टप्पा सुटतानाची कंपने मात्र उड्डाणातच पूर्ण कळली. पैसे तीन उड्डाणांचे धरलेले होते. तुकडे पडायची जागा माणसांपासून दूर निवडलेली होती. काय चुकले ते सहा महिन्यांत सापडले, आणि ७५ शाळांतल्या मुलींचा 'आझादीसॅट-२' दुसऱ्या उड्डाणात वर गेला. यातली एकही गोष्ट तशी नसती, तर तुझा राग रास्त ठरला असता. आणि तिच्या बाईंना आमची एकच विनंती, पुढच्या वेळी तिला खाली बसवू नका.